पहिला आवाज कुणाचा

बायको: दार लोटून घ्या आधी. बाहेर अठरा माणसं आहेत. त्यातल्या एकालाही मला काही ऐकवायचं नाहीये.

नवरा: काय म्हणालीस?

बायको: दार. दार लोटा.

नवरा: हं. लोटलं. भरल्या ताटावरून उठवून मला या बॅगांच्या खोलीत कशाला आणलंस?

बायको: आपण घरी चाललोय. तुमचं जाकीट कुठल्या ढिगात आहे ते बघतेय.

नवरा: घरी? अगं, वर्षातून एकदा सुट्टीत सगळे जमतात. अजून फोटो व्हायचाय. भाऊ रागावेल माझा.

बायको: तुमचा भाऊ नाही रागावणार. त्याची बायको रागावेल, धाकटी. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होईल ना.

नवरा: जरा सावकाश बोल. आणि इकडे तोंड करून बोल.

बायको: धाकटीला नाही सांगत असं कधी.

नवरा: ती सावकाशच बोलते.

बायको: माहितीये. बघत होते मी. टेबलाच्या त्या टोकाला तुम्ही, या टोकाला मी. ती आधी तुमच्या कोपराला हात लावते, मग तोंडासमोर तोंड आणून काहीतरी सांगते, आणि तुम्ही हसता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात आज. माझ्या बोलण्यावर असे शेवटचे कधी हसला होतात?

नवरा: ती भावाची गंमत सांगत होती. परवा तासभर खपून त्यानं गाडी धुतली, आणि ती निघाली शेजाऱ्याची.

बायको: हे ऐकू आलं तुम्हाला. अथपासून इतिपर्यंत.

नवरा: आलं.

बायको: आणि मी विचारलं औषध घेतलंत का, तर काय उत्तर दिलंत?

नवरा: काय दिलं?

बायको: “उशीर कुठं झालाय, दोनच वाजलेत.” सगळं टेबल हसलं. मी पुन्हा विचारलं. तर म्हणे, “छान झालंय सगळं.” परत हसले. तुमचा भाऊसुद्धा. मग तिनं तुमच्याकडे बघून फक्त “दादा, गोळी” म्हटलं आणि तुम्ही मुकाट्यानं खिशातून गोळी काढलीत. चौतीस वर्षं संसार माझा, आणि गोळी तिच्या सांगण्यावरून.

नवरा: तिचा आवाज जाड आहे गं. घोगरा. तो पोचतो. तुझा बारीक आहे.

बायको: लग्नाआधी फार आवडायचा बारीक आवाज.

नवरा: तेव्हा ऐकू यायचा.

बायको: बरं सुचतंय बोलायला.

नवरा: खरं तेच सांगतोय. एकतीस वर्षं कापडगिरणीत मागावर काढली मी. एका शेडमध्ये दोनशे माग. शेजारच्याशी बोलायचं तर ओठ बघून बोलायचो आम्ही. जुने लोक तेव्हाच सांगायचे, बारीक आवाज आधी जातात. आधी पाखरं जातात, मग कुकरची शिट्टी, मग दारावरची घंटा...

बायको: मग बायका.

नवरा: सगळ्या नाही.

बायको: तेच तर म्हणतेय मी. सगळ्या नाही.

नवरा: आता वाकड्यात शिरू नकोस.

बायको: हे घ्या जाकीट. सापडलं. याच्या खिशात काय आहे हे टणक?

नवरा: ते राहू दे. दे इकडे.

बायको: डबी आहे. चष्म्याची नाही, लहान आहे.

नवरा: राहू दे म्हणतो ना.

बायको: आता माझं सगळं ऐकू येतंय बरं. आणि ही चिठ्ठी कसली? “सोमवारी साडेदहा. मी कोपऱ्यावर थांबते. वहिनींना एवढ्यात काही बोलू नका.” हे अक्षर धाकटीचं आहे. तिच्या घरातल्या डब्या-बरण्यांवर हेच अक्षर चिकटवलेलं असतं. आणि वहिनी म्हणजे मी.

नवरा: बस जरा त्या बॅगेवर.

बायको: मी उभी बरी आहे.

नवरा: कानाचं मशीन आहे त्यात.

बायको: कुणाच्या कानाचं?

नवरा: माझ्या. उघडून बघ. कानामागे बसतं ते. बोटाच्या पेराएवढं. दोन्ही कानांना एकेक आहे.

बायको: कधी आणलंत?

नवरा: मागच्या महिन्यात. तीनदा जावं लागलं. एकदा तपासायला, एकदा कानाचं माप द्यायला, एकदा आणायला.

बायको: तीन सोमवार. तीन सोमवार तुम्ही पेन्शनच्या कामाला जातो म्हणून गेलात. दुसऱ्या सोमवारी मी डबा दिला होता, तिथल्या रांगेत भूक लागेल म्हणून.

नवरा: खाल्ला तो. तिथंच बाकावर बसून.

बायको: एकट्यानं?

नवरा: अर्धा तिला दिला.

बायको: वा. माझ्या हातचा डबा.

नवरा: मशीन आणलं त्या दिवशी तिनं विचारलं, वहिनींना कधी सांगणार. मी म्हटलं, सांगेन.

बायको: मी रोज तुम्हाला काय सांगत होते? बहिरे झालात, कान दाखवा. दोन वर्षं कानीकपाळी ओरडतेय. तेव्हा नाही गेलात.

नवरा: तू चिडून सांगायचीस. शिवी दिल्यासारखं. “बहिरे झालात का?” असं म्हटल्यावर माणूस कशाला हो म्हणेल? तिनं बातमी सांगावी तसं सांगितलं. “दादा, तुम्हाला नीट ऐकू येत नाही. माझ्या ओळखीचं ठिकाण आहे.” झालं.

बायको: म्हणजे चूक माझीच.

नवरा: आणि दुसरं. तू माझ्या वतीनं बोलतेस. कुणी मला विचारलं, चहा घेणार का, की तू आधीच सांगतेस, ते नाही घेत या वेळी. कुणी विचारलं, ऐकायला कमी येतं का यांना, की तू म्हणतेस, छे, लक्ष नसतं त्यांचं. माझं लक्ष असतं. लक्ष देऊन देऊन डोकं दुखतं माझं.

बायको: लोकांनी तुम्हाला हसू नये म्हणून बोलते मी. गेल्या वर्षी तुमच्या भाचीच्या लग्नात कोण उभं होतं तुमच्या शेजारी, एकेक माणूस काय म्हणतोय ते कानात सांगत? मीच होते ना? तुमचे कान मी होते. आता कान बदललेत, एवढंच.

नवरा: असं नाहीये ते.

बायको: एक सांगा. हे मशीन कानात घातल्यावर पहिला आवाज कुणाचा ऐकलात?

नवरा: असलं काय विचारतेस?

बायको: विचारतेय. सांगा.

नवरा: तिथली तपासणारी मुलगी होती. “काका, मी आकडे म्हणते, तुम्ही माझ्यामागून म्हणा.” हा पहिला.

बायको: दुसरा?

नवरा: पंख्याचा. पंखा एवढा घरघरतो हे माहीतच नव्हतं.

बायको: तिसरा?

नवरा: तिसरा लक्षात नाही.

बायको: तुमचं तर सगळीकडे लक्ष असतं. आत्ताच म्हणालात.

नवरा: धाकटीचा. “कसं वाटतंय दादा” म्हणाली.

बायको: आणि तुम्ही काय म्हणालात?

नवरा: बरं वाटतंय म्हणालो.

बायको: मग माझा आवाज कितवा?

नवरा: अजून नंबर लागला नाही.

(दार उघडतं. बाहेरच्या गलक्यासकट धाकटी आत येते.)

धाकटी: वहिनी, दादा, फोटोसाठी सगळे खोळंबलेत. आणि ताटं तशीच आहेत तुमची. काय झालं?

बायको: दार लाव. ये, बरी आलीस. ही चिठ्ठी तुझीच ना?

धाकटी: हो, माझीच. दादा, तुम्ही अजून सांगितलं नव्हतं?

नवरा: काय?

धाकटी: तुम्ही. वहिनींना. सांगितलं नाही?

नवरा: आत्ता सांगितलं.

बायको: सांगितलं नाही, सापडलं. धाकटे, तू सून म्हणून या घरात आल्यापासून मी तुला बघतेय. तुझी साडी पहिल्यांदा मी नेसवून दिली. मला न सांगता माझ्या नवऱ्यासाठी कोपऱ्यावर थांबायचं?

धाकटी: चुकलं माझं. चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. पण दादा म्हणाले, आधी जमतंय का बघू, नाही जमलं तर उगाच बोभाटा नको.

बायको: ते काहीही म्हणतील. तुला कळायला हवं होतं. आणि बोलताना सारखा कोपराला हात कशाला लागतो तुझा?

धाकटी: कोपराला? बोलायच्या आधी लावते. नाहीतर कोण बोलतंय, कुठून बोलतंय, त्यांना कळत नाही. एकदम मागून हाक मारली तर दचकतात.

बायको: चौतीस वर्षांत चारचौघांत मी त्यांच्या कोपराला हात लावलेला नाही.

धाकटी: लावायला हवा होता.

बायको: शिकवू नकोस मला.

धाकटी: शिकवत नाही. वहिनी, माझ्या आईला ऐकू येत नव्हतं, ठाऊक आहे ना तुम्हाला?

बायको: ऐकलंय. तुझ्या लग्नात ती सगळा वेळ स्वयंपाकघरात बसून होती. मी म्हटलंसुद्धा तेव्हा, किती कामसू बाई.

धाकटी: सगळे तेच म्हणायचे. घरात माणसं जमली की आई आत जाऊन काहीतरी निवडत, सोलत बसायची. तिथं कुणी बोलायला जात नसे, त्यामुळे ऐकावं लागत नसे. आम्ही म्हणायचो, आईला माणसंच नको असतात. मी फार खेकसायचे तिच्यावर. एक गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची झाली की “जाऊ दे, काही नाही” म्हणून टाकायचे. दिवसातून दहा वेळा. ती गेली त्याच्या आदल्या दिवशीही म्हटलं होतं.

बायको: हे तू कधी बोलली नाहीस.

धाकटी: मागच्या सुट्टीत दादा असेच उठून बाहेर झोपाळ्यावर जाऊन बसले. भर जेवणात. सगळे म्हणाले, थकले असतील. मला आई दिसली. बाकी काही नाही, वहिनी.

बायको: आईचं राहिलेलं माझ्या नवऱ्याकडे फेडतेस होय?

धाकटी: तसं म्हणा हवं तर.

बायको: कळलं मला. खोटं बोलत नाहीस तू. पण तरी राग येतोय. मला जे दोन वर्षं जमलं नाही ते तुला तीन सोमवारांत जमलं.

धाकटी: येऊ दे राग. मलाही आला असता.

बायको: आणि ती खुर्ची? भिंतीला पाठ करून त्यांना बसवायचं, आणि शेजारी तू.

धाकटी: पाठीमागे भिंत असली की मागून आवाज येत नाहीत. टीव्ही मी मुद्दाम बंद करून ठेवला, पोरांना वर पाठवलं, खुर्च्यांच्या पायांना कापड बांधलं, सरकताना कर्कश वाजतात म्हणून. आणि शेजारची खुर्ची माझी नव्हती. तुमची होती. तुम्ही वाढायला उठलात आणि परत आलात ते थेट त्या टोकाला जाऊन बसलात. कुणीतरी बसायला हवं म्हणून मी बसले.

बायको: मला कुणी सांगितलं नाही ती माझी म्हणून.

धाकटी: नवऱ्याशेजारच्या खुर्चीबद्दल काय सांगायचं?

नवरा: काय चाललंय? दोघी एकदम बोलू नका. मला एकीचंच कळतंय.

बायको: कुणाचं ते सांगू नका.

धाकटी: मी फोटो पंधरा मिनिटं थांबवते. दादा, सावकाश या. वहिनी, आत आल्यावर त्या खुर्चीवर तुम्ही बसा.

बायको: बसणारच आहे. तू टोकाला बस. आणि मध्ये कोपरबिपर नको.

धाकटी: बरं.

बायको: दार लावून जा.

नवरा: गेली का? काय म्हणाली?

बायको: म्हणाली, खुर्ची माझी होती.

नवरा: होतीच. मी हात ठेवून धरली होती थोडा वेळ. तू आलीस, माझ्याकडे बघितलंस आणि पुढे निघून गेलीस. मला वाटलं, तुला तिकडच्या बायकांशी बोलायचं असेल. का गेलीस?

बायको: असंच.

नवरा: असंच नाही. घरीसुद्धा हल्ली लांब बसतेस. चहा ओट्याशी उभी राहून पितेस. दीड वर्ष झालं असेल.

बायको: लक्षात आलं होतं तुमच्या?

नवरा: आलं होतं. मला वाटलं, कंबर दुखते तुझी. दिवसभर मशीनवर वाकून शिवतेस, मग उभं राहून बरं वाटत असेल.

बायको: मी विचारलं होतं तुम्हाला एक. तुम्ही उत्तर दिलंत. त्यानंतर मी उभी राहायला लागले.

नवरा: खिडकीकडे बघून बोलू नकोस. इकडे बघ. काय विचारलं होतंस?

बायको: आता कशाला ते.

नवरा: सांग.

बायको: मी भांडी घासत होते. तुम्ही मागे पेपर वाचत होतात. तोंडावर विचारायचा धीर होत नव्हता म्हणून पाठमोरीच विचारलं. म्हटलं, माझा कंटाळा आलाय का हो तुम्हाला?

नवरा: आणि मी?

बायको: म्हणालात, “हो, केव्हाच.” आणि पान उलटलंत.

नवरा: नळ चालू होता?

बायको: भांडी घासत होते म्हटल्यावर नळ असणारच.

नवरा: अगं, नळ चालू असला की तू एकच विचारतेस. टाकी भरली का? मी त्याचं उत्तर देतो. रोज देतो. तुझं ऐकून नाही देत, नळ दिसला की देतो.

बायको: टाकी?

नवरा: टाकी.

बायको: दीड वर्ष मी उभ्यानं चहा प्यायले. टाकीसाठी.

नवरा: परत विचारायचं नाही का?

बायको: असलं दोनदा विचारतं का कुणी? आणि मग मी बघायचे, तुम्ही घरात माझ्याशी हं, हो, बरं, एवढंच बोलता. इथं आलात की तिच्याशी अर्धा अर्धा तास. मी काय समजायचं?

नवरा: घरात तू टाचण्या तोंडात धरून बोलतेस. ओठ हलत नाहीत तुझे. मशीन चालू असतं, मान खाली असते. पहिल्यांदा दोन-चारदा विचारायचो, काय म्हणालीस. तू चिडायचीस. मग हं म्हणायला लागलो. हं म्हटलं की तू पुढे बोलायचीस, आणि मला तुझ्या हातांवरून कळायचं, बरी आहेस की रागात आहेस. तेवढ्यावर चाललं होतं माझं.

बायको: मग मी काय काय बोलले दोन वर्षांत, त्यातलं तुम्हाला...

नवरा: फार थोडं. तेच सांगायची भीती वाटत होती. मशीनची नाही. मशीन आणलंय म्हटलं की तू विचारणार, इतके दिवस काय ऐकू येत होतं. आणि मला सांगावं लागणार.

बायको: माझी बहीण गेली तेव्हा मी महिनाभर बोलत होते तुमच्याशी. रोज संध्याकाळी. शिवता शिवता.

नवरा: तू बोलतेयस एवढं माहीत होतं. मी उठून गेलो नाही.

बायको: नाही, उठून गेला नाहीत. बसून होतात. मला वाटायचं, किती शांतपणे ऐकतात.

नवरा: रडू नकोस. चेहरा वेडावाकडा झाला की ओठ वाचता येत नाहीत.

बायको: रडत नाहीये. मग मशीन घरी का नाही घातलंत? महिना झाला.

नवरा: घातलं होतं. न्हाणीघरात, दार लावून. बादलीत पाणी सोडलं तर गिरणी सुरू झाल्यासारखं वाटलं, काढून टाकलं. ती मुलगी म्हणाली होती, पहिल्यांदा शांत खोलीत, एकाच माणसाबरोबर घाला. गर्दीत तर इतक्यात नकोच. सगळंच मोठं होतं म्हणे, चमचेसुद्धा. मी ठरवलं, दुपारी घरात आपण दोघंच असताना घालायचं. तर सुट्टी लागली, पाहुणे आले, मग इकडे निघालो. शांत खोली मिळेना आणि एकच माणूस मिळेना.

बायको: ही खोली आहे की.

नवरा: इथं?

बायको: दार बंद आहे. फोटोला पंधरा मिनिटं आहेत. आणि माणूस एकच आहे. की तिला बोलावू परत, कसं वाटतंय विचारायला?

नवरा: तुझं आपलं तेच.

बायको: माझं तेच राहणार. घाला.

नवरा: डावं आधी. ही बारकी नळी आत जाते. आरसा नाही इथं, नीट बसली का बघ.

बायको: मान वाकवा. थांबा, केस अडकतोय. टाचण्या सांभाळणारे हात आहेत माझे, दुखणार नाही. बसलं. तिथं कुणी घातलं होतं?

नवरा: त्या मुलीनं.

बायको: त्याच मुलीनं?

नवरा: त्याच मुलीनं. शपथ घेऊ का?

बायको: नको. आता दुसरा कान.

नवरा: बाहेर कोण हसतंय? इतक्या लांबून?

बायको: तुमचा भाऊ.

नवरा: बोल काहीतरी.

बायको: काय बोलू?

नवरा: अजून बोल.

बायको: अठरा माणसं बाहेर ताटकळलीत आणि आपण बॅगांमध्ये बसलोय. काय बोलू? मला मेलीला आता काही सुचत नाहीये.

नवरा: (हात कानाकडे नेतो.)

बायको: काय झालं? दुखतंय का? काढू?

नवरा: नाही. आवाज म्हातारा झालाय गं तुझा.

बायको: तुम्ही ऐकत नव्हतात, तेव्हा झाला.